उचल फेडायची आहे, म्हणून ऐकून घ्यायचं?

ताई,

मी एका छोट्या छापखान्यात सहा वर्षं काम करते. आम्ही सगळे मिळून सात जण. डिझाइन करणं, प्रूफ काढून पार्टीला दाखवणं, बिलं बनवणं, उधारीसाठी फोन करणं, हे सगळं माझ्याकडे. मालकांना आम्ही दादा म्हणतो. माणूस कष्टाळू आहे, अजून स्वतः मशीनवर उभे राहतात. पण तोंड फार वाईट. काही चुकलं की जागेवरच, जो कोण समोर असेल त्याच्यादेखत बोलतात.

गेल्या महिन्यात एका कॅटलॉगवर फोन नंबरातला एक आकडा चुकला. प्रूफवर पार्टीची सही होती. पार्टी तक्रार घेऊन आली, तेव्हा दादांनी कॅटलॉगचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाले, "डोकं घरी ठेवून येतेस का? सहा वर्षं पोसतोय मी हिला." पार्टीसुद्धा खाली बघायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "आईची तब्येत काय म्हणते?"

खरी अडचण पुढे आहे. दोन वर्षांपूर्वी आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी न मागता दादांनी मोठी उचल दिली. व्याज नाही, कागद नाही. दर महिन्याला पगारातून थोडी कापतात. अजून निम्मी बाकी आहे. घरी सांगितलं तर आई म्हणते, वेळेला जो उभा राहिला त्याचे चार शब्द ऐकून घ्यावेत. ताई, बोलू, सोडू की गप्प बसू? आणि मी कृतघ्न आहे का?

— प्रूफवाली

प्रूफवाली,

तीन प्रश्न तुम्ही सरळ विचारलेत आणि चौथा, निघताना चपला घालता घालता विचारावा तसा. मी त्या चौथ्यापासूनच सुरुवात करते. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय बाकीच्या तिघांकडे तुम्हाला धड बघताच येणार नाही.

नाही, तुम्ही कृतघ्न नाही. कृतघ्न माणूस उचल घेतो आणि विसरतो. तुम्हाला ती इतकी लक्षात आहे की दादा काहीही बोलले तरी आधी तीच आठवते. तुमच्या डोक्यात एकच वही आहे आणि तिच्यात दोन भलत्याच गोष्टींचा हिशेब चाललाय. डाव्या बाजूला ऑपरेशनचे पैसे, उजव्या बाजूला पार्टीसमोरचे बोल. दादा एकदा ओरडले की तुम्ही मनातल्या मनात उचलीतून थोडं कमी करता आणि गप्प बसता. पण पगारातून दर महिन्याला रक्कम कापली जातेच आहे. म्हणजे फेड दोनदा चालू आहे, आणि दुसऱ्या फेडीची बाकी किती हे कुणालाच माहीत नाही. ती कधी संपणारही नाही, कारण तसा काही व्यवहार ठरलाच नव्हता. उचल देताना दादा म्हणाले असते, "हे घे, पण याच्या बदल्यात मी तुला चारचौघांत वाटेल ते बोलणार", तर तुम्ही घेतली असती का? मला वाटतं, त्यांनी तरी दिली असती का?

त्यांनी चांगुलपणा केला, हे खरंच आहे. बिनव्याजी, न मागता, कागदाशिवाय पैसे देणारे मालक फार नसतात. त्याबद्दल मनात जे आहे ते राहू द्या. फक्त वही वेगळी करा.

आता त्या दिवशीच्या प्रसंगाकडे येऊ. मला त्यातली दोन वाक्यं वेगवेगळी ठेवून बघायची आहेत.

"डोकं घरी ठेवून येतेस का?" याला तुम्ही काय उत्तर देणार? हो म्हणायचं की नाही? कुठलंच उत्तर नाही. याच जागी दादा म्हणाले असते, "नंबर चुकलाय, सगळा जॉब पुन्हा छापावा लागेल, हा कागद कुठून भरून काढू?" तर ते कितीही मोठ्या आवाजात असतं तरी त्याला उत्तर होतं. पट्टी चिकटवू, एकच फॉर्म पुन्हा मारू, निम्मा खर्च पार्टीकडे मागू, कारण प्रूफवर त्यांची सही आहे. ज्याला कामानं उत्तर देता येतं ते रागावणं झालं. रागावणं मालकाचा हक्क आहे, तो मी काढून घेणार नाही. ज्याला काहीच उत्तर नाही, फक्त मान खाली घालता येते, ते वेगळं. तुमच्या लक्षात आलंय का, त्या सगळ्या प्रकारात सही केलेलं प्रूफ कुणी फाइलमधून बाहेर काढलंच नाही? छापखान्यात प्रूफवर सही घेतात ती याच दिवसासाठी. तुमचे दादा इतकी वर्षं धंद्यात आहेत, त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या क्षणी त्यांना प्रूफ नको होतं. पार्टीला दाखवायला एक माणूस हवा होता.

दुसरं वाक्य मला जास्त खटकलं. "पोसतोय." सहा वर्षं रोज येऊन जी बाई जॉब लावते, बिलं काढते आणि तीन-तीन महिने थकलेली उधारी फोन करकरून आणते, तिला कुणी पोसत नाही. तिच्या कामाचे पैसे तिला मिळतात. हा शब्द बहुधा त्यांनी विचार करून वापरला नसेल. छोट्या धंद्याच्या मालकाला मनातून खरंच असं वाटत असतं, कारण महिनाअखेरीला पगाराची रक्कम गोळा करताना त्याच्या पोटात काय गोळा येतो ते त्यालाच माहीत. पण तुम्हीही हा शब्द खरा मानू लागलात की काय, अशी मला शंका येते. "घरच्यासारखं" वातावरण असतं तिथे हे फार सहज होतं. मालकाला दादा म्हटलं की पगार उपकारासारखा वाटू लागतो आणि रजा हट्टासारखी.

दादा असं का वागतात याच्यावर फार वेळ घालवू नका, पण थोडं माहीत असलेलं बरं. बेनेट टेपर नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं 2000 साली वरिष्ठांच्या अपमानकारक वागण्यावर एक लेख लिहिला. त्यासाठी वापरलेल्या यादीत 15 गोष्टी होत्या. माझी टर उडवतात, चारचौघांत कमी लेखतात, जुन्या चुका उकरून काढतात, अशा. त्यातली एक अशी की दुसऱ्याच कशाचा तरी राग माझ्यावर काढतात. कॅटलॉगचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पार्टी हातची जाईल ही भीती, कागदवाल्याची बाकी, वाया गेलेली छपाई. हे सगळं दादांच्या डोक्यावर, आणि धंद्यात त्यांच्या वर कुणीच नाही. पार्टीवर ओरडता येत नाही, कागदवाल्यावर येत नाही. उरलं तुमचं टेबल. हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाही. उलट यातून एक कामाची गोष्ट निघते. तो राग तुमच्या लायकीबद्दल काहीच सांगत नाही, त्यामुळे अजून चांगलं काम करून तो थांबवता येणार नाही. पुढची सहा वर्षं एकही आकडा न चुकवता काढलीत तरी एखाद्या दिवशी मशीन बंद पडेलच.

इथे थोडं माझं सांगते. माझी पहिली नोकरी अशाच एका लहान ऑफिसात होती. पाच जण. मालक कुणालाच नावानं हाक मारत नसे. मला चुटकी वाजवून बोलवायचा, आणि मी उठून जायचे. तिथे हिशेब लिहायला एक वयस्कर बाई होत्या. मालक त्यांच्या टेबलापाशी येऊन आवाज चढवू लागला की त्या चष्मा काढायच्या, कापडानं पुसायच्या, डबीत ठेवायच्या आणि डबी बंद करायच्या. टक्. मग हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसायच्या. त्याचं संपलं की डबी उघडून चष्मा लावायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता काम काय करायचं ते सांगा." बास. त्या डबीचा आवाज आला की आम्हा सगळ्यांची बोटं टाइपरायटरवर थांबायची. वर्षभरात मी एवढं पाहिलं की मालक त्यांच्या टेबलाशी आला की मध्येच स्वतःहून आवाज उतरवायचा.

मी काय केलं? अकरा महिने चुटकीला उठले आणि एका सकाळी चिठ्ठी टेबलावर ठेवून निघून आले. शेवटच्या महिन्याचा पगार मागायला गेले नाही, अनुभवाचं पत्र मागितलं नाही. तेव्हा मला ते फार बाणेदार वाटलं होतं. पुढच्या नोकरीत "आधी कुठे होता?" विचारल्यावर मी अकरा महिने गिळून टाकले आणि पगार त्याच्याकडेच राहिला. त्याला माझ्या जाण्याचं कारण आजतागायत कळलेलं नाही. म्हणून तुमच्या "सोडू का"ला मी लगेच हो म्हणत नाहीये. गप्प बसणं आणि गप्प निघून जाणं, दोन्हींत तोंड बंदच राहतं.

तेव्हा आधी बोला. मोठ्या कंपनीत मनुष्यबळ विभाग असतो, वरचा साहेब असतो, तक्रारीची पेटी असते. तुमच्याकडे पेटी असलीच तर तिची किल्ली दादांच्याच खिशात असणार. तुमच्या वतीनं बोलायला कुणीच नाही. पण याला दुसरी बाजूही आहे. मध्ये कुणी नसल्यामुळे तुमचं वाक्य जसंच्या तसं त्याच माणसापर्यंत जातं. मोठ्या ठिकाणी ते चार टेबलांवरून फिरून पचपचीत होऊन पोचतं.

कधी बोलायचं? ओरडत असताना नाही. रात्री फोनवर लांबलचक मेसेज लिहून तर मुळीच नाही. तो दादा मशीनशेजारी उभं राहून वाचतील आणि मशीनमनला दाखवतील. पगाराच्या दिवशी नको, रजा किंवा आणखी उचल मागायच्या दिवशी नको. सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं असतात, प्लेट लागतेय, शाई चढतेय, तेव्हाची. कॅटलॉगला महिना झाला म्हणून आता उशीर झाला असं समजू नका. पण नव्या प्रसंगाची वाटही बघू नका, तेव्हा तुमचा आवाज कापेल.

शब्द साधारण असे असू द्यात. पाठ करू नका, आपल्या तोंडी बसवून घ्या:

"दादा, दोन मिनिटं आत बोलायचंय. कॅटलॉगचा नंबर माझ्या हातून चुकला. आता आकडे मी एकटी वाचत नाही, दोघांनी वाचायचे असं ठरवलंय. पण त्या दिवशी पार्टीसमोर तुम्ही मला जे बोललात ते मला चालणार नाही. चुकलं तर आत बोलवा, हवं तितकं कडक बोला, मी ऐकीन. बाहेर लोकांसमोर नको."

एवढंच. पुढे "सॉरी हं, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" हे जोडू नका. सहा वर्षांची जंत्री काढू नका. त्यात एखादी तारीख चुकलात की सगळी चर्चा त्या तारखेवर जाईल. एक प्रसंग, एक मागणी. आणि आपली चूक आधी सांगून टाका. आकडा तुमच्या हातून गेला असेल तर गेला. ते तुम्हीच म्हटलंत की त्यांच्या हातातला पत्ता गेला.

उत्तर काय येईल? मला तीन-चार प्रकार माहीत आहेत.

बहुतेक पहिलं हेच असेल: "मी तुझ्यासाठी काय काय केलं, आणि तू मला शिकवतेस?" इथेच तुमची एकच वही असती तर तुम्ही संपला असतात. म्हणा, "केलंत, आणि मी विसरलेली नाही. उचल दर महिन्याला जातेय, पूर्ण फेडीन. हे बोलणं वेगळं आहे." आवाज न चढवता. लागलं तर हेच पुन्हा एकदा, त्याच शब्दांत.

किंवा हसण्यावारी नेतील. "एवढं काय मनाला लावून घेतेस? मी सगळ्यांनाच बोलतो." त्यावर एवढंच, की "सगळ्यांचं मला माहीत नाही, मी माझं सांगतेय."

ओरडले तर "नंतर बोलू" म्हणून बाहेर या आणि कामाला लागा. रडू आलं तर येऊ द्या, त्यानं वाक्य खोटं ठरत नाही. आणि चार दिवस बोललेच नाहीत, सगळे निरोप दुसऱ्याच्या तोंडून येऊ लागले, तर तुम्ही मनधरणीला जाऊ नका. हा अबोला सर्वांत कठीण. छोट्या जागेत तो भिंतीसारखा दिसतो. तुमचं काम करत राहा, जॉबबद्दल विचारायचं ते सरळ विचारा. एक दिवस ते स्वतःच येतील आणि बहुधा "आईची तब्येत काय म्हणते?" असं विचारतील. ते तुमच्या दादांचं "चुकलं" असावं. त्यांना त्याच्यापलीकडचा शब्द माहीत नसेल. "बरी आहे" म्हणा. पण त्या प्रश्नानं मागणी फिटली असं समजू नका.

आणि पुन्हा लोकांसमोर सुरू झालं तर? तीनच शब्द, "दादा, आत बोलू." आणि उठून आत चालू लागा. उठणं महत्त्वाचं. बसलेल्या माणसावर ओरडणं सोपं असतं. चष्म्याची डबी असेल तर तीही चालेल.

बरोबरच्या पाच जणांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. तेही खाली बघत असणार. अपमानाचा परिणाम बघणाऱ्यांवरही होतो. ख्रिस्तीन पोराथ आणि अमीर एरेझ यांनी प्रयोगात काही जणांना दुसऱ्या कुणाशी तरी झालेलं उद्धट वागणं नुसतं बघायला लावलं आणि मग शब्दांची कोडी, नव्या कल्पना सुचवणं अशी कामं दिली. नुसतं बघणाऱ्यांचंही काम बिघडलं. म्हणजे त्या दिवशी कटिंग मशीनवर जो होता त्याचाही हात थोडा इकडेतिकडे झाला असेल, आणि त्याचं नुकसान दादांच्याच खिशातून गेलं. तरीही "आपण सगळे मिळून जाऊ" या वाटेला सहसा जाऊ नका. आत गेल्यावर दादा एकेकाला विचारतील, "तुलाही त्रास आहे का रे?" आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघेल. त्यापेक्षा ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाला सांगून ठेवा की मी आज बोलणार आहे.

आता कागदाचं. तुमच्या पत्रातले मला सर्वांत घाबरवणारे दोन शब्द म्हणजे "कागद नाही". दादा फसवतील असं मी म्हणत नाही. पण नातं बिघडलं की आठवण आधी बिघडते, दोन्ही बाजूंची. आज रात्री बसून लिहा: उचल किती, कोणत्या तारखेला, आतापर्यंत किती कापली, बाकी किती. पुढच्या पगाराला दादांना साधा मेसेज करा, "या महिन्याची कापून इतकी बाकी राहिली, बरोबर ना दादा?" त्यांनी "हो" लिहिलं की झाला कागद. यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही, पार्टीला आपण बाकीचा मेसेज करतोच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा वेतन-संरक्षणाचा करार 1949 सालचा आहे, क्रमांक 95. त्यात हेच आहे की पगारातून कपात करायची तर ती देशाच्या कायद्यानं, किंवा सामूहिक करारानं वा लवादाच्या निवाड्यानं घातलेल्या मर्यादेतच, आणि काम सुटताना उरलेल्या पगाराचा शेवटचा हिशेब वेळेत व्हायला हवा. तुमच्या ठिकाणी नेमका कोणता नियम लागू आहे ते कामगार कार्यालयात जाऊन विचारा. नुसतं विचारायला गेलं म्हणून तक्रार होत नाही.

दुसरी एक छोटी वही घरी ठेवा, कामावर नको. तारीख, कोण हजर होतं, नेमके शब्द काय. "खूप वाईट बोलले" असं लिहू नका. "डोकं घरी ठेवून येतेस का" असं लिहा. ही वही कुठे द्यायची वेळ कदाचित येणारही नाही. पण दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाच वाटू लागतं की मी उगाच बाऊ करतेय, तेव्हा ती उघडून बघता येते. किंवा उलटही कळतं, की आपल्याला रोजचं वाटत होतं ते प्रत्यक्षात दोन महिन्यांत एकदा झालंय.

"एवढ्यातेवढ्याला कुठे कायदा असतो" असं कुणी म्हणालं तर माहीत असू द्या. हाइन्झ लायमन या स्वीडनमध्ये काम केलेल्या अभ्यासकानं कामाच्या जागी होणाऱ्या छळाची खूण सांगितली होती ती अशी की आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने. त्याच्या पुढे जाऊन त्याच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2019 च्या करारानं, क्रमांक 190, म्हटलं की एकदाच घडलेली गोष्टही छळ असू शकते. माणूस कायम आहे की शिकाऊ, जागा मोठी आहे की असंघटित क्षेत्रातली, याचा फरक त्यात केलेला नाही. जपानमध्ये वरिष्ठांकडून होणारा असा छळ रोखण्याची जबाबदारी जून 2020 पासून मोठ्या कंपन्यांवर आली आणि एप्रिल 2022 पासून लहान-मध्यम धंद्यांवरही. म्हणजे छोट्या मालकांनाही हे जमतं, जमवावं लागतं. मात्र पहिल्याच बोलण्यात कायद्याचं नाव काढू नका. दोन मिनिटांत मिटण्याजोगं आहे ते दोन वर्षांचं होईल.

एक अपवाद. अंगावर हात टाकणं, वस्तू फेकून मारणं, अश्लील बोलणं, पगार अडकवणं, मूळ कागदपत्रं दाबून ठेवणं यांतलं काही असेल तर वरचं सगळं विसरा. तिथे दार लावून दोन मिनिटं बोलायचं नसतं. सरळ बाहेरची मदत घ्यायची. गठ्ठा टेबलावर आपटला, तुमच्या अंगावर नाही, हे मी वाचलंय. तुम्हीही त्याच्यावर लक्ष ठेवा.

सोडायचं का, हे तीन महिन्यांनी ठरवा. बोललात त्या दिवसापासून मोजा. दादा गोड झाले का हे बघू नका, ते होणार नाहीत. पुढची चूक झाली तेव्हा तुम्हाला आत बोलावलं का, एवढंच बघा. एकदा बाहेर ओरडले पण तुम्ही उठल्यावर आत आले, तर मी म्हणेन माणूस शिकतोय. तसेच ओरडत राहिले, किंवा तुम्ही बोललात म्हणून जास्तच ओरडू लागले, तर निघायची तयारी करा. नोटीस देऊन, अनुभवाचं पत्र मागून, पगाराचा हिशेब करून. केलेल्या कामाचे छापील नमुने मागून घ्या. फाइली उचलून नेऊ नका, आणि पार्ट्यांना जायच्या आधी फोन करून गोळाही करू नका. उरलेल्या उचलीचे हप्ते बाहेर पडायच्या आधी लिहून ठरवा. नोकरी सोडल्यावरही उचल फेडता येते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. फिटेपर्यंत तिथेच बसायला हवं असं काही नाही.

राहता राहिली आई. "चार शब्द ऐकून घ्यावेत" असं ती म्हणते त्याचा तुम्हाला राग आलाय, पत्रात दिसतो तो. पण ते पैसे तिच्या अंगाला लागलेत. तुम्ही संध्याकाळी येऊन दादा काय बोलले ते सांगता तेव्हा तिला ऐकू येतं की माझ्यामुळे माझ्या मुलीला हे ऐकावं लागतं. ते सहन होत नाही, म्हणून ती त्याला उपकाराची फेड म्हणते. फेड म्हटलं की तिच्या जिवाला जरा बरं वाटतं. तिच्याशी दादांविषयी वाद घालू नका. तिला तो हिशेबाचा कागद दाखवा. एवढी घेतली होती, एवढी फिटली, एवढी उरली, अमुक महिन्यात संपेल. आकडा दिसला की तीही कदाचित वही वेगळी करेल. मला वाटतं, दादांशी बोलायच्या आधी हे करावं. घरून निघताना पाठीवर तेवढं ओझं कमी.

आणि हो, त्या आकड्याचं. दोघांनी वाचायचं ठरवाल तेव्हा एकानं मूळ कागदावरून मोठ्यानं वाचावं आणि दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवावं. फोन नंबर असेल तर वाचण्यावर थांबूच नका. प्रूफवर छापलेला नंबर बघून फोन लावा, जुन्या फाइलीतून किंवा आठवणीनं नाही. पार्टीनं उचलला तर म्हणा, "छापखान्यातून बोलतेय, तुमचा नंबर तपासत होते." दुसऱ्याच कुणी उचलला, तर कॅटलॉग अजून प्लेटवर गेलेला नाही.

दादांशी बोलणं झालं की चार ओळी लिहा.

— ताई